जोडीनें गाडी चालविण्याची नोकरी

गेल्या महिन्यांत आमच्याकडे आलेल्या पत्रांपैकीं एक पत्र लोणंदहून आलें आहे. तें लिहिणाऱ्या भगिनी आमच्या जुन्या वाचक आहेत. त्यांचा प्रश्न वरवर पाहतां एका घराचा असला तरी तशाच प्रकारचा प्रश्न आज पुष्कळ घरांतून विचारला जात असावा, म्हणून त्याचा विचार या पानावर करण्याचें आम्ही योजिलें आहे.

पत्राचा सारांश असा. त्यांचे चिरंजीव सत्तावीस वर्षांचे, वाणिज्य शाखेचे पदवीधर. दोन वर्षें एका कचेरींत हिशेब लिहिल्यावर त्यांनीं तें काम सोडलें, जड वाहनाचा परवाना काढला, आणि गेलीं तीन वर्षें ते पुणें-बंगळूर रस्त्यावर मालट्रक चालवीत आहेत. आतां एका वाहतूक कंपनीनें त्यांस नागपूर-भिवंडी मार्गावरील दोन ट्रेलर जोडलेल्या गाडीवर घेण्याची तयारी दाखविली आहे. गाडीवर चालक दोन. एक चाकावर असेल तेव्हां दुसऱ्यानें केबिनमधील बिछान्यावर झोंप घ्यावयाची. पगार आजच्यापेक्षां बराच अधिक. चिरंजीवांचें मन तिकडे ओढ घेत आहे, वडिलांना तें मुळींच पसंत नाहीं, आणि मातोश्री दोघांच्या मध्यें सांपडल्या आहेत. "मुलास जाऊं द्यावें कीं अडवावें?" असें त्या विचारतात.

सत्तावीस वर्षांच्या मुलास जाऊं देणें वा अडविणें आईबापांच्या हातीं कितपत असतें, हा प्रश्न आम्ही बाजूस ठेवितों. परंतु मुलानें निर्णय घेण्यापूर्वीं त्याच्याशीं नीट बोलावें, त्याला योग्य ते प्रश्न विचारावेत, हें आईबापांच्या हातीं खास आहे. तेवढ्यापुरतें साहाय्य करण्याचा हा प्रयत्न.

प्रथम वडिलांच्या हरकतीविषयीं. "आपल्या घराण्यांत आजवर कोणी गाडी हांकली नाहीं," असें ते म्हणतात. ही हरकत आम्ही थोडक्यांत निकालांत काढूं इच्छितों. सातारा-सांगलीकडील वाचकांना लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट नव्यानें सांगावयास नको. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेंत शिकविणाऱ्या या गृहस्थांनीं ती नोकरी सोडली, बेळगांवास सायकलींचें दुकान चालविलें, लोखंडी नांगर केले, आणि १९१० मध्यें औंध संस्थानांतील एका उजाड माळावर किर्लोस्करवाडी वसविली. त्यांच्या हातांना लागलेलें तेल आज कोणाला कमीपणाचें वाटतें? त्यांतूनही मौजेची गोष्ट अशी कीं, ज्या घरांत मुलगा विमान चालवूं लागला तर पेढे वांटले जातात, त्याच घरांत तो ट्रक चालवूं लागला तर चार लोकांत तें सांगावयाचा संकोच होतो. दोन्ही कामांत दुसऱ्याचें मोलाचें धन सुखरूप पोंचवावयाचें असतें, दोन्हींत यंत्राचें ज्ञान लागतें, आणि दोन्हींत डोळा लागला तर प्राणावर बेततें. भेद आहे तो पगारांत, गणवेषांत आणि आपल्या मनांत. तेव्हां गाडी हांकणें हें हलकें काम, हा मुद्दा विचारांतून वगळावा. तो धरून बसल्यानें खरे मुद्दे मागें पडतात, आणि आईबापांची हरकत निव्वळ प्रतिष्ठेची आहे असें मुलाला वाटलें म्हणजे तो त्यांचें रास्त म्हणणेंही ऐकत नाहीं.

आतां मातोश्रींच्या भीतीकडे वळूं. तिचें मूळ लोणंदच्या रस्त्यावरच आहे. लोणंद हें नीरेच्या दक्षिणेस, खंडाळा तालुक्यांतील बाजाराचें गांव. येथील कांद्याचा बाजार प्रसिद्ध आहे, आणि आषाढीच्या वारींत नीरास्नान झाल्यावर ज्ञानेश्वर माउलींची पालखी येथें मुक्कामास येते, म्हणूनही गांवाचें नांव सर्वांच्या ओळखीचें आहे. नीरेच्या कालव्यांवर हा सारा टापू उसाचा झाला. नदीपलीकडे सोमेश्वरनगर, अलीकडे फलटणच्या वाटेवर साखरवाडी, असे कारखाने जवळ असल्यामुळें दिवाळीच्या सुमारास गाळप सुरू झालें कीं ट्रॅक्टरच्या मागें दोन-दोन ट्रॉल्या लावून ऊस वाहणाऱ्या गाड्या रात्रंदिवस धांवूं लागतात. भगिनी लिहितात: "दारावरून त्या जातांना मागची ट्रॉली जी हेलकावे खाते, तें पाहून माझ्या पोटांत गोळा येतो. माझ्या मुलानें असलें वाहन चालवावयाचें काय?"

त्यांचें निरीक्षण अचूक आहे. दोन वाहनें एकामागें एक ओढलीं जात असतां ओढणाऱ्यानें किंचित् दिशा बदलली तर पहिली ट्रॉली थोडी अधिक हलते आणि दुसरी त्याहूनही अधिक हलते. मुलें हातांत हात धरून सांखळी करून धांवतात आणि पुढचा एकदम वळला कीं शेवटचा फेकला जातो, तसाच हा प्रकार. ट्रॅक्टरच्या बाबतींत त्यांत आणखी तीन अडचणींची भर पडते. पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. त्यामुळें उतारावर ट्रॅक्टरनें ब्रेक दाबला तरी मागचें सारें ओझें त्याला पुढें ढकलीत राहतें. चढावर ओझें मागें ओढूं लागलें म्हणजे ट्रॅक्टरचीं पुढचीं चाकें जमिनीवरून हलकीं होतात आणि वळवूं म्हटलें तरी वळत नाहींत. आणि रात्रीं मागच्या ट्रॉलीला दिवा वा चकाकणारी पट्टी नसली तर पाठीमागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला ती दिसते तेव्हां फार उशीर झालेला असतो. दर हंगामांत यामुळें जीव जातात. ही भीती खोटी आहे असें आम्ही म्हणणार नाहीं.

परंतु चिरंजीवांना मिळूं घातलेली गाडी या जातीची नव्हे. युरोपांत व ऑस्ट्रेलियांत अशा गाड्या पूर्वींपासून आहेत, आणि त्यांना रस्त्यावरची आगगाडी असें नांव पडलें आहे. आपल्याकडे २०२० मध्यें वाहनांच्या लांबीचे नियम बदलून अशा गाडीस २५.२५ मीटरपर्यंत मुभा देण्यांत आली, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्यें नागपुरास अशी पहिली गाडी रस्त्यावर आणण्यांत आली. एक ओढणारा ट्रक, त्याच्यामागें चोवीस फुटी कंटेनरचा ट्रेलर आणि त्याच्यामागें चव्वेचाळीस फुटी कंटेनरचा, अशी तिची रचना होती. नागपूर-भिवंडी हाच तिचा मार्ग ठरला, कारण सातशें एक किलोमीटरांचा समृद्धि महामार्ग त्याच वर्षीं जून महिन्यांत शेवटपर्यंत खुला झाला होता. अशा गाडीच्या प्रत्येक ट्रेलरला हवेच्या दाबावर चालणारे स्वतःचे ब्रेक असतात, आणि नळी तुटून हवा गेली तर ते सुटत नाहींत, उलट आवळले जातात. रस्ता रुंद, बैलगाडी, सायकल, पादचारी यांना मज्जाव असलेला. तेव्हां दारावरची ट्रॉली पाहून या गाडीविषयीं मत बनविणें म्हणजे पडावावरून आगबोटीची परीक्षा करण्यासारखें होईल.

तरीही दोन सांध्यांच्या गाडीचे स्वभावधर्म सुटत नाहींत. मागचा ट्रेलर हेलकावा घेतोच, वेग कमी असला तर कमी, अधिक असला तर अधिक. रिकामा ट्रेलर भरलेल्यापेक्षां जास्त उसळतो. आडव्या वाऱ्यांत दोन उंच पेट्यांच्या बाजू शिडाप्रमाणें वारा धरतात. समोर अकस्मात् अडथळा आला तर साध्या ट्रकचा चालक झटक्यानें चाक फिरवून निसटूं शकेल. या गाडीच्या चालकास तो मार्ग मोकळा नाहीं. त्यानें तसा झटका दिला तर मागचा ट्रेलर उलटण्याचें भय असतें. त्याला पुष्कळ आधीं पाहावें लागतें, पुष्कळ आधीं वेग उतरवावा लागतो. शिवाय ही गाडी मागें घेणें अतिशय कठीण. चुकीच्या फाट्यास शिरलें तर मागें सरून सुटका नाहीं, प्रसंगीं ट्रेलर सोडून एकेक काढावा लागतो. थोडक्यांत, या गाडीला चपळ हातांपेक्षां शांत डोकें आणि ताजे डोळे अधिक लागतात. चपळाई सरावानें येते, परंतु ताजेपणा रोज नव्यानें मिळवावा लागतो, आणि तो झोंपेखेरीज कशानेंही मिळत नाहीं. आमच्या मतें सगळ्या प्रश्नाचें मर्म येथें आहे.

दोन चालक कशासाठीं, याचा हिशेब करून पाहावा. सातशें किलोमीटरांची वाट सरासरी ताशीं पंचावन्न किलोमीटरांनीं तोडली तरी सुमारें पावणेतेरा तास लागतात. माल चढविणें, उतरविणें, वजनकाटा, टोल, जेवण हे वेगळेच. आपल्याकडे १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानें चालकाच्या कामाची मर्यादा दिवसास आठ तास व आठवड्यास अठ्ठेचाळीस तास ठरविली होती. २०२५ च्या नोव्हेंबरमध्यें तो कायदा नव्या श्रमसंहितेंत विलीन झाला, तरी आठ तासांचें तत्त्व कायम आहे. एका माणसानें तेरा तासांची वाट न थांबतां तोडणें या तत्त्वांत बसत नाहीं. म्हणून मालकापुढें दोनच मार्ग उरतात: गाडी वाटेंत उभी करून चालकास झोंपूं द्यावें, किंवा दोन चालक ठेवून गाडी चालती ठेवावी. उभी गाडी म्हणजे मालकाचें नुकसान, यास्तव तो दुसरा मार्ग धरतो. राष्ट्रीय परवान्याच्या मालगाडीवर दोन चालक असावेत आणि दुसऱ्यास आडवें होऊन झोंपण्यापुरती जागा असावी, अशी अट आपल्या नियमांत पुष्कळ वर्षें होती. २०१८ मध्यें ती शिथिल झाली. अट होती तेव्हांही बहुसंख्य गाड्यांवर एक चालक व एक क्लीनर हीच जोडी असे, आणि पहाटे क्लीनर कच्च्या हातानें गाडी चालवी, हें ढाब्यावर बसणाऱ्या कोणासही ठाऊक आहे.

जोडीनें काम करण्याचा आदर्श पाहावयाचा तर लोणंदकरांनीं आपल्या स्टेशनावर जावें. पुणें-मिरज मार्गावरील प्रत्येक इंजिनांत चालक व सहचालक दोघे असतात. लोणंद सोडल्यावर गाडी आदर्कीचा घाट चढूं लागते तेव्हां पुढचा प्रत्येक सिग्नल दोघेही पाहतात, आणि एकानें त्याचा रंग मोठ्यानें उच्चारावयाचा व दुसऱ्यानें तो पुन्हां उच्चारावयाचा असा तेथें नियम आहे. दोन माणसें जागीं असून एकमेकांना जागीं ठेवितात. मोटारगाडीवरील जोडी मात्र अशी नसते, आणि हा भेद नीट लक्षांत घ्यावयास हवा. तेथें एक जागा असतो आणि दुसरा झोंपलेला. चाकावरचा माणूस त्या तासांपुरता अगदीं एकटा असतो, किंबहुना त्याच्यावर साध्या ट्रकचालकापेक्षां एका जिवाची जबाबदारी अधिक असते.

झोंपेविषयीं शास्त्र काय म्हणतें तें पाहूं. १९९७ मध्यें डॉसन व रीड या दोन संशोधकांनीं 'नेचर' या नियतकालिकांत आपल्या प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. सतत सतरा तास जागलेल्या माणसाचे हात व डोळे ज्या मानानें मंदावतात, तें मान रक्ताच्या शंभर मिलिलिटरांत पन्नास मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतकें असतें, असें त्यांना आढळलें. आपल्या देशांत वाहन चालविणाऱ्यास मद्याची मर्यादा तीस मिलिग्रॅमची आहे. म्हणजे सकाळीं सहाला उठलेला आणि दारूच्या थेंबालाही न शिवलेला निर्व्यसनी चालक रात्रीं अकराला चाकावर असेल, तर कायद्यानें जो मद्यपी ठरतो त्याच्याहूनही तो धोक्याचा असूं शकतो. आपल्या घरांतून "मुलगा सुपारीचें खांडसुद्धां खात नाहीं" हें अभिमानानें सांगितलें जातें. तें चांगलेंच आहे, पण रस्त्यावर तेवढें पुरत नाहीं.

त्यांतही मध्यरात्रीनंतर दोन ते पहाटे पांच-सहा हा काळ सर्वांत वाईट. त्या वेळीं शरीराचें आंतलें घड्याळच झोंपेकडे ओढतें. दिवसा पुष्कळ झोंप झाली असली तरी त्याची ओढ पुरती जात नाहीं. रस्ता सरळ, सपाट व एकसुरी असला म्हणजे डोळे उघडे असतांनाच मन झोंपी जातें, आणि समृद्धि महामार्गाची सारी सोय म्हणजे त्याचा सरळपणा. आपल्या खंबाटकीच्या वळणांची भीति वाटते म्हणून तेथें कोणी पेंगत नाहीं. जेथें भीति वाटत नाहीं तेथें पेंग येते.

आतां बिछान्यावरच्या माणसाकडे पाहूं. चालत्या गाडींतली झोंप ही घरची झोंप नव्हे. इंजिनाची घरघर, रस्त्याचे सांधे, ब्रेकचा झटका यांनीं ती पुन्हां पुन्हां मोडते आणि उथळ राहते. घड्याळांत सहा तास पडून राहिला तरी माणसास सहा तासांची विश्रांति मिळतेच असें नाहीं. पण आवाजापेक्षांही मोठा अडथळा मनाचा असतो. ज्याच्या हातीं चाक आहे त्याच्यावर विश्वास नसेल तर झोंप लागत नाहीं. प्रत्येक ब्रेकला डोळा उघडतो, पाय आपोआप दाबला जातो. आणि असा अर्धवट जागलेला माणूस सहा तासांनीं उठून स्वतः चाकावर बसतो! मग त्याच्यावर त्याच्या सोबत्याचाही विश्वास उरत नाहीं, तोही झोंपत नाहीं, आणि चार दिवसांत दोन दमलेले चालक एका गाडींत बसलेले असतात. एक ताजा चालक दोन थकलेल्यांपेक्षां बरा. उलट पक्षीं सोबती भरंवशाचा असला, तर दोघेही आलटून-पालटून झोंपतात आणि अशी जोडी एकट्या चालकापेक्षां कितीतरी सुरक्षित असते. नोकरी एकच, गाडी एकच, रस्ता एकच. परंतु ती चांगली कीं वाईट हें शेजारच्या माणसावर ठरतें.

अमेरिकेंत ही पद्धत फार जुनी असल्यामुळें तेथील अनुभव उपयोगी पडेल. तेथें १९८२ च्या कायद्यानें अठ्ठावीस फुटांचे दोन ट्रेलर ओढणाऱ्या गाड्यांना मोठ्या रस्त्यांवर सर्वत्र मोकळीक मिळाली, आणि टपालाचीं पार्सलें व किरकोळ माल वाहणाऱ्या कंपन्यांनीं ती उचलून धरली, कारण मुक्कामीं पोंचल्यावर एक ट्रेलर एका गांवास व दुसरा दुसऱ्या गांवास धाडतां येतो. अशी गाडी चालविण्यास परवान्यावर निराळी नोंद करून घ्यावी लागते व त्यासाठीं परीक्षा द्यावी लागते. जड ट्रेलर पुढें व हलका मागें, हा तेथील पहिला धडा. चालकानें दहा तास विश्रांति घेतल्यावर अकरा तासांहून अधिक काळ गाडी चालवूं नये असा दंडक असून २०१७ च्या अखेरीपासून त्याची नोंद गाडींतील यंत्रच ठेवतें, म्हणजे मालकानें दडपण आणलें तरी खोटें लिहितां येत नाहीं. आणि आमच्या भगिनींना ऐकून नवल वाटेल, तेथें या जोड्यांत पुष्कळदां पतिपत्नीच असतात. कारण उघड आहे. चालत्या गाडींत डोळे मिटावयाचे तर ज्याच्यावर आधींच सर्वस्वाचा विश्वास टाकला आहे असें माणूस चाकावर असलेलें बरें.

आतां पगाराविषयीं. चिरंजीवांनीं आंकडा पाहिला आहे, हिशेब पाहिला आहे काय, हें त्यांस विचारावें. ते तर वाणिज्याचे पदवीधर आहेत! समजा, आज त्यांना महिन्यास शंभर रुपये मिळतात आणि त्यासाठीं ते महिन्यांतील पंधरा रात्री घराबाहेर असतात. नव्या नोकरींत दीडशें मिळतील, परंतु पंचवीस रात्री बाहेर जातील. तर एका रात्रीस आज साडेसहा रुपयांहून अधिक पडतात, आणि उद्यां सहाच पडतील. महिन्याचा आंकडा फुगला, रात्रीची किंमत मात्र उतरली. बिछान्यावर घालविलेले तास कंपनी कामाचे धरीत नसेल, पण ते घरचेही नव्हेत. ते भिवंडीच्या वाटेवरचे तास आहेत. भत्ता धरून पगार सांगितला कीं वगळून, गाडी बंद पडली वा मालासाठीं दोन दिवस थांबली तर त्या दिवसांचें काय, खेपेवर मोबदला कीं महिन्यावर, हेंही कागदावर मांडावें. हिशेब केल्यावरही नोकरी फायद्याची ठरेल, असें होऊं शकतें. मग ती डोळे उघडे ठेवून घ्यावी.

पगाराआधीं चिरंजीवांनीं कंपनीस विचारावयाचे कांहीं प्रश्न आम्ही येथें नमूद करतों. पहिला, सोबती कोण निवडणार? कंपनी जो देईल तो घ्यावयाचा, कीं नापसंत असल्यास बदलून मागतां येईल? दुसरा, झोंप अनावर झाली तर गाडी सुरक्षित जागीं उभी करण्याचा अधिकार चालकास आहे काय, आणि तसें केल्यास पगार वा खेपेचे पैसे कापले जातात काय? या प्रश्नाचें उत्तर देतांना समोरचा गृहस्थ घुटमळला तर त्या घुटमळण्यांतच उत्तर मिळालें असें समजावें. तिसरा, चाक केव्हां बदलावयाचें हें तासांवर ठरतें कीं अंतरावर? तासांवर असेल तर बरें, कारण अंतर पुरें करण्यासाठीं माणूस पेंगतही पुढें रेटतो. चौथा, ट्रेलर जोडण्या-सोडण्याचें व माल उतरवून घेण्याचें काम कोणाचें? ज्याची झोंपेची पाळी आहे त्यालाच उठवून तें करावयास लावीत असतील तर त्या पाळीला अर्थ नाहीं. पांचवा, दोन सांध्यांच्या गाडीचें शिक्षण किती दिवस व कोणाच्या हाताखालीं? तीन वर्षें ट्रक चालविला म्हणून ही गाडी आपोआप येत नाहीं. शेवटचा, विमा, भविष्यनिर्वाह निधि आणि आठवड्याची पुरी सुटी यांचें काय? आणि त्या सुटींत नागपूर वा भिवंडीहून लोणंद गांठून परत जाण्याचा वेळ मोजला आहे काय?

सोबत्याची परीक्षा कशी करावी, असें चिरंजीव विचारतील. तो जलद चालवितो कीं नाहीं हें पाहूं नये. "मला झोंप येते आहे, तूं घे" हें वाक्य तो संकोच न करतां बोलतो काय, हें पाहावें. कितीतरी चांगले चालक केवळ अभिमानापायीं तें वाक्य गिळतात आणि चहाच्या पेल्यावर आणखी पन्नास किलोमीटर काढूं पाहतात. आणि ही परीक्षा एकतर्फी नव्हे. आपणही तें वाक्य बोलूं शकतों काय, आणि सोबत्यानें तें अवेळीं उच्चारलें तर कपाळास आठी न घालतां उठून बसूं शकतों काय, हें चिरंजीवांनीं स्वतःस विचारावें. कायमचें वचन देण्याआधीं एक-दोन खेपा करून पाहाव्या. परत आल्यावर आईनें एवढेंच विचारावें: "झोंप लागली का रे?" लागली असेल तर सोबती बरा आहे.

आतां दोन शब्द मातोश्रींना. आपण मुलास अडवावें असें आम्हांस वाटत नाहीं. जड वाहनावर तीन वर्षें काढून ज्याची आवड ओसरली नाहीं, त्याची ती आवड खरी मानावी. पण "जा" म्हणून मोकळें होणेंही बरोबर नव्हे. अशा माणसाच्या घराला त्याच्या झोंपेचा अर्धा भार उचलावा लागतो. त्याची चाकावरची पाळी केव्हां व झोंपेची केव्हां, हें घरीं भिंतीवर लिहून ठेवावें. चाकावर असतां त्याला दूरध्वनि करूं नये, आणि झोंपेच्या पाळींत तर मुळींच करूं नये, मग सत्यनारायण असो वा कोणाचें वाङ्‌निश्चय असो. सुटीस घरीं आला म्हणजे पहिल्या दिवशीं त्याला पाहुण्यांच्या पंगतींत न बसवितां अंधाऱ्या खोलींत निजूं द्यावें. दुपारीं दोनला मुलगा झोंपला आहे म्हणून शेजारीण हंसली तर हंसूं द्यावी. उद्यां त्याच्या लग्नाच्या गोष्टी निघतील, तेव्हां मुलीकडच्यांना पगाराच्या आंकड्याबरोबर महिन्यांतल्या बाहेरच्या रात्रींचा आंकडाही सांगावा. खरें सांगितल्यानें एखादें स्थळ जाईल, पण संसार मोडणार नाहीं.

वडिलांना आमची विनंति एवढीच कीं, त्यांनीं चिरंजीवांशीं घराण्याच्या नांवाविषयीं न बोलतां वर लिहिलेल्या प्रश्नांविषयीं बोलावें. कंपनीचा कागद बापलेकांनीं एकत्र बसून वाचावा. सोबत्याची निवड, गाडी थांबविण्याचा अधिकार व विश्रांतीची हमी या तीन गोष्टी त्यांत असतील, तर वडिलांनीं मोकळ्या मनानें होकार द्यावा. त्या नसतील, तर पगार दुप्पट असला तरी चिरंजीवांनींच ती नोकरी नाकारावी, आणि त्या वेळीं वडील त्यांच्या पाठीशीं उभे असावेत.